आजीचं माणिक आणि वाणीचं तप

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५.

काल आपण शरीराचं तप पाहिलं. आज भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याच्या मनाला न टोचणारं, खरं, गोड आणि हिताचं. शिवाय रोजचा स्वाध्याय. बस, एवढंच.

खरं सांगायचं तर हा श्लोक मला नेहमी सोपा वाटायचा. 'गोड बोलावं, खोटं बोलू नये', यात काय कठीण? यावर्षी मात्र मी याच श्लोकावर पंधरा दिवस अडकले. कारण होतं आजीची माणकाची अंगठी.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तेराव्यानंतर आत्या आणि बाबा दागिने घेऊन बसले. भांडण अजिबात नव्हतं, उलट दोघंही एकमेकांना 'तू घे, तू घे' करत होते. बाकीचं सोनं सारखं वाटलं गेलं. उरल्या दोन वस्तू : आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्यांचा जोड आणि ही अंगठी. आत्या म्हणाली, "मला आईची अंगठी हवी." बाबा म्हणाले, "ताई, माणिक खरं आहे. पाटल्यांच्या तोडीची किंमत असेल त्याची." आत्यानं अंगठी घेतली, पाटल्या आमच्याकडे आल्या. माझ्या लग्नासाठी म्हणून माझ्याच लॉकरमध्ये ठेवल्या गेल्या.

माणिक तपासून घेऊ, असं कुणाच्याही मनात आलं नाही. आजोबांनी १९५८ साली घेतलेली वस्तू, आजीनं साठ वर्षं बोटात घातलेली. घरच्या वस्तूची परीक्षा कसली करायची?

गंमत बघा, त्याच दिवसांत घरात गरुडपुराण वाचलं गेलं होतं. आपल्याला त्यातला मृत्यूनंतरच्या प्रवासाचा भागच ठाऊक असतो. पण याच पुराणाच्या आचारकांडात रत्नपरीक्षेचेही अध्याय आहेत. हिरा, मोती, माणिक, पाचू, एकेका रत्नाचे गुण आणि दोष तिथे सांगितले आहेत. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतही हा विषय येतो. म्हणजे रत्न पारखून घेणं आपल्या पूर्वजांना अविश्वासाचं लक्षण वाटत नव्हतं. आम्हालाच ते तसं वाटलं.

मागच्या महिन्यात अंगठीचं कोंदण सैल झालं. आत्यानं ती माझ्याकडे दिली, "मुंबईला जातेसच तर नीट करून आण गं." सोनारानं अंगठी पाहिली आणि म्हणाला, "ताई, जाळावर धरण्याआधी खडा लॅबमधून तपासून आणा. हल्ली काही माणकांच्या भेगांत काच भरलेली असते. जाळ लागला किंवा साफ करायच्या आम्लात पडला की असा खडा खराब होतो. मग तुम्ही मला धराल." त्याचं म्हणणं रास्त होतं. मी गेले लॅबमध्ये.

रिपोर्ट आला : कृत्रिम माणिक.

मला आधी वाटलं, म्हणजे काच. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं, की काच नाही. खाणीतलं माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, त्यात क्रोमियमचा अंश असतो म्हणून तो लाल. कारखान्यातलं माणिकही रासायनिकदृष्ट्या तेच असतं. १९०२ साली ओग्युस्त व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं ती पद्धत जाहीर केली. बारीक पूड अतिशय तप्त ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि थरावर थर साचत स्फटिक वाढतो. त्यामुळे 'दागिना साठ-सत्तर वर्षं जुना आहे, म्हणजे खडा खाणीतलाच' हे आपलं गणितच चुकीचं. आजोबांनी अंगठी घेतली तेव्हा असे खडे अर्धशतकाहून अधिक काळ बाजारात होते.

मी विचारलं, "मग घरच्या घरी काहीच कळत नाही? दुधात टाकून बघतात, काचेवर ओरखडा काढतात, ते?" त्या हसल्या. दुधाच्या परीक्षेला काही अर्थ नाही, म्हणाल्या. आणि ओरखडा? दोन्ही माणकांचा कठीणपणा मोहस् मापावर ९, दोघंही काचेवर ओरखडा काढणार. अपवर्तनांक दोघांचाही १.७६ ते १.७७. अतिनील दिव्याखाली दोघंही लाल चमकू शकतात. या सगळ्या परीक्षांत आजीचं माणिक पास झालं होतं.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. खड्याच्या आत वाकड्या, समांतर रेषा होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात ना, तशा. आणि एक-दोन इवले बुडबुडे. पृथ्वीच्या पोटात वाढलेल्या स्फटिकाच्या वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात, आणि पुष्कळदा त्याच्या आत रेशमासारख्या बारीक सुया दिसतात. आमच्या खड्यात ते काहीच नव्हतं. तीन परीक्षांत पास झालेला खडा चौथीत नापास झाला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताईला कशाला सांगतेस? तिच्यासाठी ती आईची आठवण आहे. खडा खरा असो की खोटा, भाव महत्त्वाचा."

माझे बाबा लबाड नाहीत. रोज हरिपाठ म्हणतात, कुणाचा एक रुपया ठेवून घेणार नाहीत. त्यांचं बोलणं मलाही पटलं. आत्या अडुसष्ट वर्षांची, तिला बीपी आहे. या वयात तिच्या आठवणीला कशाला धक्का लावायचा? मी गीता उघडून हाच श्लोक काढला आणि मला हवं ते त्यात सापडलंसुद्धा. उद्वेग न देणारं बोलणं! भगवंतच सांगतायत, मन दुखवू नका. झालं, सुटला प्रश्न.

पण झोप काही येईना. लॅबमधल्या त्या चार परीक्षा डोळ्यांपुढे येत राहिल्या. पहाटे लक्षात आलं, की श्लोकातही चार कसोट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' नाहीये. न टोचणारं आणि खरं आणि गोड आणि हिताचं. यातली सोयीची तेवढी निवडायची मुभा कुणी दिलीय? मी माझं गप्प राहणं त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. टोचतंय का? नाही. गोड आहे? हो. खरं आहे? तिला खोटं समजूत घेऊन जगू देणं खरं कसं असेल? आणि हिताचं? हो, हिताचं होतं. पण कुणाच्या? पाटल्या माझ्या लॉकरमध्ये होत्या!

तिथे मला स्वतःचीच लाज वाटली. आत्याच्या बीपीची एवढी काळजी मी याआधी कधी केली होती?

मित्रमैत्रिणींनो, 'भाव महत्त्वाचा' हे आपण भक्तिमार्गातले लोक सहज बोलतो. ते खरंही आहे. देव पानाफुलावर प्रसन्न होतो, त्याला किमतीशी कर्तव्य नाही. पण हे वाक्य म्हणायचा अधिकार कुणाचा? नुकसान माझं झालं असेल आणि मी म्हणाले 'जाऊ दे, भाव महत्त्वाचा', तर तो माझा त्याग. नुकसान दुसऱ्याचं, फायदा माझा, आणि तरी मीच म्हणतेय 'भाव महत्त्वाचा', तर ते काय झालं? तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीनं आम्हीच उदार झालो होतो. भक्तीच्या भाषेत आम्ही दोन तोळे सोनं दाबून ठेवत होतो.

याची दुसरी बाजूही मी स्वतःला विचारली, कारण तीही तितकीच खरी आहे. 'मी खरं बोलले' म्हणून मोकळं व्हायचं आणि समोरच्याला रडत सोडून निघून जायचं, हेही तप नाही. आपल्या मनावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं झालं ते. नुसता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला असता तर 'सत्य' या कसोटीवर पास, बाकी तिन्हींत नापास.

मग करायचं काय? इथे माउली मदतीला आली. ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माउलींनी परिसाचा दृष्टांत दिलाय. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्याचा आकार मोडत नाही, वजन कमी करत नाही. तसं बोलणं हवं, कुणाला न दुखवता जवळच्याला सुख देणारं. मी इतकी वर्षं याचा अर्थ 'शब्द गोड हवेत' एवढाच घेत होते. त्या दिवशी वाटलं, शब्द गोड असून भागणार नाही. आत्यापाशी जे आहे ते कमी न करता तिला खरं सांगायचं असेल, तर कमी झालेलं भरून द्यायची तयारी घेऊनच जायला हवं.

बाबांना एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्ही आत्याच्या जागी असता तर तुम्हाला कळायला हवं होतं की नको?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण रविवारी सकाळी सातला तयार होऊन बसले होते.

आत्याकडे गेलो. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. अंगठी, रिपोर्ट आणि पाटल्यांचा जोड, तिन्ही तिच्यासमोर ठेवलं. तिनं रिपोर्ट वाचला, चष्मा काढला. पहिला प्रश्न विचारला, "सोनं तरी खरं आहे ना?" आम्ही हसलो, तीही हसली आणि मग रडली. म्हणाली, "आईला माहीत असेल का रे हे?" बाबांकडे उत्तर नव्हतं. ते आता कुणाकडेच नाही.

मला मनातून वाटत होतं, आत्या म्हणेल, 'वेडी का गं तू, ठेव त्या पाटल्या'. म्हणजे सत्य बोलल्याचं पुण्यही मिळेल आणि पाटल्याही राहतील! आत्या तसं म्हणाली नाही. तिनं जोडातली एक पाटली उचलली, हातात घातली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. "ही तुझ्या लग्नात घाल," म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत. उद्या माझ्यामागे माझ्या दोन सुना याच अंगठीवरून वाटण्या करत बसल्या असत्या."

श्लोकातलं 'हित' मला त्या वाक्यात कळलं. आम्ही गप्प बसलो असतो तर तीच चूक आणखी एका पिढीच्या वाटणीत गेली असती.

अंगठी आत्याच्याच बोटात आहे. सोनारानं कोंदण घट्ट करून दिलं. ती सांगते, "खडा कारखान्यातला आहे, अंगठी आईची आहे." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि आता ती दोन्ही तिची स्वतःची आहेत.

आजचा अभ्यास :

१. आज एखाद्या गोष्टीबद्दल 'कशाला सांगायचं' असं वाटलं, तर थांबून विचारा : माझ्या गप्प राहण्यानं हित कुणाचं होतंय?

२. घरात वडिलोपार्जित दागिने असतील तर वाटणी होण्याआधी चांगल्या लॅबमधून खडे तपासून घ्या. दुधाच्या वाटीवर विसंबू नका. परीक्षा करणं म्हणजे प्रेमावर संशय घेणं नव्हे.

३. एखादं अवघड सत्य सांगायचं राहून गेलं असेल तर सांगायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका.

उद्या श्लोक १६, मनाचं तप. वाणीपेक्षा ते अवघड आहे, असं आज तरी वाटतंय.

राम कृष्ण हरी!