नानांची रेघ

महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नानांनी लिहिलं, "जे बाहेरून आलं ते बाहेरच बरं. उद्या माझ्या ताटातही परमुलखातलं काही येणार नाही." वाद खरं तर भाडेकरूंचा होता. ताट त्यात नानांनी आणलं, कारण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला दाखला दिल्याशिवाय चैन पडत नाही. खाली वीस-पंचवीस हात जोडले गेले.

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या नातीने ते वाचलं. "नाना, आपलं आणि बाहेरचं, रेघ कुठे मारायची?"

"1498. वास्को द गामा कालिकतला उतरला ते साल. त्याआधीचं ते आपलं."

त्यांनी रेघ इतकी अलीकडे मारली हे नशीबच. नाहीतर ज्वारी, नाचणी आणि चिंचही गेली असती. ती फार पूर्वीच आफ्रिकेतून आली. कल्याण तर जुनंच बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणकरांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. म्हणजे येणं-जाणं काही गामाने सुरू केलेलं नव्हतं. पण नातीने तो विषय काढला नाही.

सकाळी दोघं स्टेशनबाहेरच्या बाजारात गेले. नाना साबुदाण्याच्या गोणीकडे वळले, तर नात म्हणाली, "कसाव्याच्या कंदाचा. मूळ ब्राझील, आता तमिळनाडूत सेलमला बनतो."

"बरं, बटाटा?"

"अँडीज पर्वतातला. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा."

रताळं गेलं, शेंगदाणा गेला, पपई गेली. सीताफळाचा मोसम नव्हता, तरी नानांनी मुद्दाम विचारलं. "नाव आपण सीतेचं दिलं, झाड तिकडचंच," नात म्हणाली. शेवटी नानांनी राजगिऱ्याच्या लाडवावर बोट ठेवलं. "अ‍ॅझ्टेक लोक पिकवायचे, मेक्सिकोत." बटाट्याचं नानांना विशेष वाटलं नव्हतं. राजगिरा मात्र लागला.

"अगं, मग उपासाला चालतं तरी कसं हे सगळं?"

"जुन्या मनाईच्या यादीत यांची नावंच नसतील. तेव्हा ती इथे होतीच कुठे?"

मिरचीच्या ढिगापाशी नाना आपणहून थांबले. ही गोष्ट त्यांनी वर्गात कितीदा तरी सांगितली होती. कोलंबस काय, गामा काय, सगळे निघाले होते मिऱ्यांच्या मागे. कोलंबसाला अमेरिकेत तिखट शेंग मिळाली, तिलाही तो मिरीच म्हणाला. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली, आपणही तिचं नाव मिरीवरूनच ठेवलं. त्याच पोर्तुगीजांना 1534 च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि साष्टी मिळाली. 1737 मध्ये मराठ्यांनी त्यांच्याकडून ठाणं घेतलं. किल्ल्यावरचं निशाण बदललं, ठेच्यातली मिरची तशीच राहिली. हे वाक्य वर्गात टाळी घ्यायचं. आज ते नानांच्याच घशात अडकलं.

"पण अंबरनाथचं देऊळ 1060 सालचं," नाना चिडून म्हणाले. "तेव्हाचे लोक महाशिवरात्रीला उपाशी मरत होते की काय?"

"नाही. कवठ खात असतील."

कवठवाली कोपऱ्यातच बसली होती, समोर बेलाच्या डहाळ्या. तिने एक कवठ फरशीवर आपटून फोडलं आणि नानांच्या नाकाशी धरलं. आंबूस, गोडसर, थोडा मातकट वास. नानांनी चार घेतली. घरी वरीचा भात झाला, वर तूप आणि मिरपूड, बाजूला ताक आणि गूळ घालून कवठाची चटणी. दाण्याच्या आमटीवाचून वरी कोरडीच लागते, पण नाना एक घास न टाकता जेवले. मग सवयीने तपकिरीची डबी काढली. नातीने नुसतं पाहिलं. तंबाखूही तिकडचाच. डबी खिशात परत गेली.

दुपारी दोघं मोहन्याला अक्कांकडे निघाले. उल्हास नदीपाशी नानांनी रिक्षा थांबवली. पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती हिरवी जलपर्णी, तिच्यावर एक बगळा चालत होता.

"बघ!" नानांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा चढला. "ही कुठली? अमेझॉनची ना? शोभेची म्हणून आणली, आता नदी गिळून बसली. मी सांगत होतो ते हेच!"

नातीने काठावरच्या नाल्याकडे बोट केलं. काळं, फेसाळ पाणी नदीत पडत होतं आणि तिथेच पानं सर्वांत दाट, हातभर उंच.

"सांडपाण्यावर पोसते ती," नात म्हणाली. "मिरचीला आपण शेत दिलं, नाना. हिला हे दिलं."

नाना बराच वेळ नाल्याकडे पाहत राहिले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा वळले.

अक्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दार उघडताच खिचडीचा वास आला. जिरं, तूप, भाजलेले दाणे.

"नान्या, तोंड का असं सुकलंय? खाल्लंस की नाही काही?"

नानांनी चपला काढल्या, खिशातला फोन काढून फडताळावर पालथा ठेवला आणि पाटावर बसले.

"वाढ, अक्का. मिरची घातलीयस ना नीट?"