मागची हवा आणि पाच कारणं

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान म्हणजे कर्माची बैठक, मग कर्ता, मग करणं म्हणजे साधनं, मग निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. कर्म न्यायाचं असो की अन्यायाचं, देहाने घडो, वाणीने की मनाने, ही पाचही तिथे हजर असतात. असं असूनही जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसतच नाही, असं सोळाव्या श्लोकात येतं. हा इशारा मुळात ‘मी केलं’ म्हणणाऱ्या अहंकाराला आहे. पण ‘त्याने केलं’ म्हणून बोट दाखवतानाही तो तितकाच लागू पडतो, असं मला वाटतं.

आमच्या धंतोलीत एकीकडे रामकृष्ण मठाची शांतता आणि दुसरीकडे दवाखान्यांच्या गल्ल्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पेशंटला घेऊन आलेल्या गाड्या या गल्ल्यांत उन्हात उभ्या असतात. शेजारच्या आजींना अशाच एका सात सीटर गाडीतून तपासणीला नेतात. ऐन नवतप्यात त्या गाडीचा मागच्या एसीचा ब्लोअर बंद पडला. मालकांनी ड्रायव्हरला फाटकापाशीच, चार लोकांसमोर सुनावलं, "भाऊ, तुम्ही दिवसभर फुल्लवर ठेवता न, म्हणून जळला तो. खर्च पगारातून कापीन."

ड्रायव्हर काहीच बोलला नाही. दोषी माणूस गप्प बसतो, आणि ज्याला नोकरी टिकवायची आहे तोही गप्पच बसतो. दोघांची शांतता बाहेरून सारखीच दिसते.

दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियन आला. मी टॉर्च धरून उभा होतो. ऑफिसात सॉफ्टवेअरमधले बग शोधायचं काम असल्यामुळे त्याची पद्धत बघायला मजा आली. ‘हवा गार नाही’ आणि ‘हवाच येत नाही’ ही दोन वेगळी दुखणी, हे त्याने आधी वेगळं केलं. समोर गार हवा येत होती, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस ठीक. मागे पंखाच फिरत नव्हता, म्हणजे विजेची वाट तपासायची: फ्यूज, रिले, स्विच, रेझिस्टर, मोटर, अर्थिंग. फ्यूज शाबूत होता. मोटर सोडवून कनेक्टरवर मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसले. मोटर जोडून पुन्हा मोजलं तर व्होल्टेज धाडकन खाली! ओझं नसताना सगळं ठीक दिसतं, ओझं आलं की खरी अवस्था कळते. माणसांचंही असंच नाही का?

कनेक्टर काढून पाहिला तर वितळलेला. तेवढ्यात ओट्यावरून आजी म्हणाल्या, "अरे बाबू, एक-दोनवर तर केव्हापासूनच हवा येत नव्हती. चारवर यायची, म्हणून मीच त्याला चारवर ठेवायला सांगायची."

त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. अशा गाडीत कमी स्पीडला वीज रेझिस्टरमधून जाते, फुल्लवर रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते. म्हणजे रेझिस्टर आधीच गेला होता. तो ब्लोअरच्याच हवेने थंड राहतो. पण डिकीत घडी केलेली व्हीलचेअर आणि पिशव्या हवा ओढायच्या जाळीला टेकलेल्या, जाळीवर धुळीचा थर. मोटरही जड फिरत होती, त्यामुळे करंट जास्त ओढत होती.

आता पाच कारणं मोजून बघा. हवा कोंडलेली जागा, सामान ठेवणारे हात, थकलेली मोटर, रोजची धावपळ आणि वरून नागपूरचं ऊन. ड्रायव्हरचं बोट स्विचवर होतं हे खरं, पण तेही आजींच्या सांगण्यावरून.

इथे एक प्रश्न मलाही पडतो. कारणं पाच असतील तर मग जबाबदार कोणीच नाही का? दोष सगळ्यांत वाटला की तो हवेत विरतो, हा अनुभव ऑफिसातही येतो. पण गीता कर्त्याला यादीतून काढत नाही. त्याला पाचांत एक जागा देते. म्हणजे ज्याचा जितका वाटा, तितका त्याने उचलायचा. जाळी मोकळी ठेवणं घरच्यांचं काम, मोटर बदलणं मिस्त्रीचं. उन्हाशी मात्र भांडता येत नाही. पूर्ण कारण शोधलं तरच दुरुस्ती टिकते. नुसता रेझिस्टर बदलला असता तर कोंडलेल्या हवेत तोही गेला असता. एकावर सगळा दोष टाकणं सोपं असतं, कारण मग बाकीच्या चौघांना काही बदलावं लागत नाही.

आणि पंधराव्या श्लोकातली ‘वाणी’ विसरू नका. बोललेला शब्दही कर्मच आहे. पगार कापायचा विषय त्याच संध्याकाळी संपला. पण चार लोकांसमोर लावलेला दोष एकट्यात मागे घेऊन फिटतो का? मला वाटतं, नाही. जिथे शब्द टाकला, तिथेच तो उचलावा लागतो.

आजच्यासाठी एवढंच करू या. घरात, ऑफिसात काही बिघडलं की नाव घेण्याआधी थांबायचं आणि ज्याला त्या बिघाडाची सगळ्यात जास्त झळ लागते, त्याला आधी विचारायचं. पुढे बसणाऱ्याला मागचा उकाडा कळत नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥