दिव्यांची रेघ

लालबागच्या उड्डाणपुलालगतच्या एखाद्या उंच गच्चीवर रात्रीं कॅमेरा तिकाटण्यावर रोवून त्याचें शटर वीस-तीस सेकंद उघडें ठेवलें, म्हणजे धांवत्या मोटारी चित्रांतून नाहींशा होतात. उरतात त्या केवळ रेघा. समोरून येणाऱ्यांच्या पांढऱ्या व पाठमोऱ्यांच्या तांबड्या. असें चित्र खरें कीं खोटें? खोटें तर म्हणवत नाहीं. त्यांत एकही किरण चित्रकारानें पदरचा घातलेला नसतो. डोळा क्षण सोडून देतो, कॅमेरा ते एकावर एक सांठवितो, इतकाच भेद.

परंतु सांठविण्याचाही एक न्याय असतो, आणि तो आम्हांस निःपक्षपाती वाटत नाहीं. 1838 मध्यें दागेर यानें पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटें लागल्यामुळें सारी वर्दळ पुसली गेली; ठळक उमटला तो बुटांना पालिश करवून घेत स्थिर उभा राहिलेला एक गृहस्थ. (पालिश करणारा, हात हलते असल्यामुळें, अंधुकच!) तेथें उभा राहिला तो उरला, लालबागेंत ज्याच्यापाशीं दिवा, तो उरतो. पुलाखालून मिरच्यांचीं पोतीं ओढीत जाणारा हातगाडीवाला चालताही असतो व बिनदिव्याचाही. त्याचा धूसर डागही बहुधा लागत नाहीं.

यंत्रास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्या चित्राखालीं ‘मुंबईची रात्र’ असें यंत्र लिहीत नसतें.