प्रभूचा दिवस आणि समुद्रातील दीपगृह

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचे गाव आहे. तेथून सुमारे १८ किलोमीटर दूर, भर समुद्रात ‘बेल रॉक’ हा खडक आहे. आर्ब्रोथच्या मठाधिपतींनी खलाशांना सावध करण्यासाठी तेथे घंटा बांधली होती, अशी दंतकथा आहे. भरतीत हा खडक पूर्णपणे पाण्याखाली जातो आणि म्हणूनच तो घातक. कित्येक जहाजे त्यावर फुटली.

१८०७ साली रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या देखरेखीखाली येथे दीपगृहाचे काम सुरू झाले. आरंभी ओहोटीच्या वेळी जेमतेम काही तासच काम होई. भांगाच्या दिवसांत खडक धड उघडाही पडत नसे. मग उधाणाची ओहोटी रविवारी आली तर? स्टीव्हन्सन यांनी रविवारीही काम करण्याचे ठरविले. कामगार होते रविवारचा विसावा काटेकोरपणे पाळणाऱ्या समाजातले. बहुतेक जण तयार झाले. काहींनी मात्र सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला. रविवारी जहाजावर प्रार्थना होई आणि मग होड्या खडकाकडे निघत.

यांत योग्य कोण? प्रभू येशूने शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरे केले आणि विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला देऊन टीकाकारांना निरुत्तर केले. परंतु त्या रविवारी खडकापाशी कोणी बुडत नव्हते. ते श्रम पुढच्या हिवाळ्यात बुडू शकणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी होते. प्रेमाला दूरदृष्टी असते, हे मान्य केले तर असे श्रमही दयेचेच कृत्य ठरते.

तरीही नकार देणाऱ्यांना कर्मठ म्हणून हिणवू नये. रविवार हा मालकाच्या मर्जीचा दिवस नाही, हे सत्य त्यांनी जागे ठेवले. आज आपल्या घरातील परिचारिका, रेल्वेचालक, अग्निशामक रविवारी कामावर जातात. ते खरोखर दीप सांभाळतात. पण प्रत्येक दुकान आणि कारखाना आपल्या नफ्यालाच दीपगृह म्हणू लागला, तर विसाव्याचा हक्क प्रथम गरिबाचाच जाईल.

म्हणून रविवारी काम करण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे काम दुसऱ्या दिवशी होणार नाही काय? त्याचा लाभ कोणाला होणार? आणि नाही म्हणणाऱ्याची भाकरी सुरक्षित आहे काय?

१ फेब्रुवारी १८११ रोजी बेल रॉकचा दीप प्रथम उजळला. १९८८ मध्ये तेथील अखेरचे रक्षक किनाऱ्यावर परतले. दीप आता यंत्राने चालतो. यंत्राला रविवार नसतो. माणसाला तो देवाने दिला आहे आणि तो केव्हा, कोणासाठी खर्च करावा हे ठरविण्याची जबाबदारीही त्यानेच आपल्यावर सोपविली आहे.