पाराबोलिकावरचे तीन दिवस

मोन्झाच्या राजेशाही उद्यानात १९२२ साली बांधलेला मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. त्याच्या शेवटच्या वळणाला सगळे पाराबोलिका म्हणतात. उजवीकडे जाणारं लांबलचक वळण. सुरुवातीला आवळलेलं, मग हळूहळू मोकळं होत जाणारं. आत शिरताना ब्रेक उशिरा लावायचा मोह होतो, आणि तो आवरला नाही तर गाडीचा मागचा भाग हातचा सुटतो. बाहेर पडताना जो वेग हाती लागेल तोच पुढच्या सरळ पट्ट्यावर कामी येतो. २०२१ पासून या वळणाला अधिकृत नाव आहे मिकेले आल्बोरेतोचं. फेरारीच्या लाल गाडीत बसून १९८५ साली विश्वविजेतेपदाच्या दारापर्यंत जाऊन दुसऱ्या क्रमांकावर थांबलेला हा मिलानचा माणूस. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल-नसेल, पण हे वळण आणि हा माणूस एकमेकांना शोभतात.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस सलग तीन दिवसांत या वळणाच्या आसपास दोन इटालियन पोरांच्या बाबतीत जे घडलं, ते अधूनमधून सकाळी उगाच आठवत राहतं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट. आंद्रेआ किमी अँटोनेली, मुक्काम बोलोन्या. अठरा वर्षं पूर्ण होऊन आठवडाही झालेला नाही. मर्सिडीजने त्याला जॉर्ज रसेलच्या फॉर्म्युला वन गाडीत सरावासाठी बसवलं. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. पठ्ठ्याने पहिल्याच फेऱ्यांत असा वेग दाखवला की वेळा बघणारे चपापले. आणि सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तोच पाराबोलिकात गाडी फिरली आणि थेट टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. लाल बावटा, सराव बंद. रेडिओवर त्याने टीमची माफी मागितली.

शनिवार, ३१ ऑगस्ट. मर्सिडीजने जाहीर केलं की लुईस हॅमिल्टन सोडून जातोय त्या जागेवर २०२५ पासून हाच मुलगा बसेल.

रविवार, १ सप्टेंबर, सकाळ. फॉर्म्युला वनच्या मुख्य शर्यतीला अजून बराच अवकाश. तिच्याखालच्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेची हंगामातली शेवटची शर्यत. पिआचेन्झाचा लिओनार्दो फोर्नारोली शेवटच्या फेरीत चौथा आहे. विजेतेपदासाठी ज्याच्याशी झुंज आहे तो सिसिलीचा गाब्रिएले मिनी दुसरा आहे. हीच क्रमवारी राहिली तर वर्षभराची कमाई मिनीच्या पदरात. शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण, म्हणजे पुन्हा पाराबोलिका. तिथे फोर्नारोलीने क्रिस्टियन मॅन्सेलला मागे टाकलं, तिसरा आला आणि विजेता ठरला. पुढे गंमत अशी की शर्यतीनंतर मिनी तांत्रिक कारणावरून अपात्र ठरला. म्हणजे ती झेप घेतली नसती तरी चाललं असतं! पण वळणात शिरताना हे कोणाला ठाऊक होतं? ज्या क्षणी करायचं त्या क्षणी ते आवश्यकच होतं. नंतरच्या हिशेबाने त्याची किंमत कमी करावीशी मला तरी वाटत नाही.

याहून मोठी गंमत वेगळीच. फोर्नारोलीने त्या अख्ख्या हंगामात, वीस शर्यतींत, एकही शर्यत जिंकली नव्हती. एकही नाही. या स्पर्धेत असा विजेता याआधी झालेला नव्हता.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. जिंकलाच नाही तर विजेता कसा? उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. फॉर्म्युला थ्रीच्या एका आठवड्यात दोन शर्यती होतात. शुक्रवारच्या वेळांत पहिले बारा आलेले चालक शनिवारच्या छोट्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे राहतात, बारावा सगळ्यांच्या पुढे. रविवारच्या मोठ्या शर्यतीत सरळ क्रम. गाड्या सगळ्यांच्या एकसारख्या, दालारा कंपनीच्या, आणि ट्रॅकवर एका वेळी तीस. त्यामुळे दर आठवड्याला नवा विजेता निघतो, आणि या आठवड्याचा विजेता पुढच्या आठवड्यात पंधरावा येतो किंवा कुणाच्या तरी चाकावर चढून घरी जातो. मोठ्या शर्यतीत पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, चौथ्याला १२. या उलथापालथीत जो माणूस सतत तिसरा, चौथा, पाचवा येत राहतो, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही, पण त्याचं तळं थेंबाथेंबाने भरत असतं.

चौथं येणं ही काय चीज आहे, हे मला या खेळात डोकावल्यावर कळलं. पुढे तिघे झुंजताहेत, त्यांच्यातले दोघे एकमेकांवर आदळण्याची दाट शक्यता आहे. मागे सहा जण तुम्हाला खायला टपलेत. टायर तापलेत, आणखी ताणले तर शेवटच्या चार फेऱ्यांत पकड जाणार. वय एकोणीस. या वयात कुठला मुलगा स्वतःला सांगतो की आज बारा गुण पुरेत? आणि तोच मुलगा वर्षाच्या शेवटच्या वळणात, जिथे बारा गुण पुरणार नव्हते तिथे, हिशेब बाजूला ठेवून आत घुसतो. संयम आणि धाडस असे एकाच अंगात नांदताना क्वचित दिसतात. बहुतेकांपाशी दोहोंपैकी एकच असतं, आणि आपल्यापाशी जे असतं त्यालाच आपण तत्त्व म्हणतो.

पिआचेन्झा आणि बोलोन्या ही दोन्ही गावं एमिलिया-रोमान्या प्रांतातली, एकाच जुन्या रोमन रस्त्यावरची. दोन्हींच्या मधल्या टापूत फेरारीचं मारानेल्लो आहे, दालाराचा कारखानाही त्याच टापूत. या भागात पोराने गो-कार्टमध्ये बसणं म्हणजे आपल्याकडे पोराने बॅट हातात घेणं. फेरारीचं नाव मिरवणारी पहिली गाडी शर्यतीत उतरली तीही पिआचेन्झालाच, ११ मे १९४७ रोजी. फ्रांको कोर्तेझे चालवत होता, आघाडीवर होता आणि इंधनपंपाने दगा दिला. दोन आठवड्यांनी रोममध्ये तीच गाडी जिंकली. फेरारीच्या इतिहासातलं पहिलं पान हे असं पराभवाचं आहे, आणि ते पिआचेन्झाच्या रस्त्यांवर लिहिलेलं आहे.

दोघांचे रस्ते मात्र निराळे. अँटोनेलीचे वडील स्वतः चालक, स्वतःची टीम असलेले. मुलगा बारा वर्षांचा असतानाच, २०१९ मध्ये, मर्सिडीजने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. पुढे त्याने जे केलं ते थक्क करणारंच होतं. २०२२ मध्ये इटलीची आणि जर्मनीची फॉर्म्युला फोर स्पर्धा एकाच वर्षी जिंकली. २०२३ च्या सुरुवातीला आखातातली फॉर्म्युला रीजनल स्पर्धा जिंकली, ती चक्क ‘मुंबई फाल्कन्स’ या टीमच्या गाडीतून. आपल्या शहराचं नाव पाठीवर घेऊन बोलोन्याचा पोरगा जिंकला आणि आपल्याकडे फारसं कुणाला कळलंही नाही! त्याच वर्षी युरोपातली रीजनलही खिशात. मग फॉर्म्युला थ्री ही पायरी गाळून थेट फॉर्म्युला टूत. तिथे २०२४ मध्ये दोन शर्यती जिंकल्या, एकूणात सहावा आला. आणि सहावा असतानाच वर गेला.

फोर्नारोलीच्या मागे कुठलीच बडी कंपनी नव्हती. फॉर्म्युला फोरला दोन वर्षं, रीजनलला आठवा, फॉर्म्युला थ्रीच्या पहिल्या वर्षी अकरावा. असे आकडे असलेल्या मुलाला कोणी फोन करत नाही. या खेळात एका हंगामाला लाखो युरो लागतात. ज्यांच्यावर शिक्का बसलेला असतो त्यांना पैसा शोधत येतो. बाकीच्यांनी पैसा शोधत जायचं.

२०२५ मध्ये तो फॉर्म्युला टूत आला, इन्व्हिक्टा टीमकडून. जुलैत सिल्व्हरस्टोनला शनिवारची शर्यत जिंकली. फॉर्म्युला थ्रीची दोन वर्षं कोरडी गेली होती, त्यानंतरचा हा पहिला विजय. मग त्याला जणू चव लागली, हंगामात एकूण चार शर्यती जिंकल्या. ३० नोव्हेंबरला कतारमध्ये, हंगामातला शर्यतींचा एक आठवडा शिल्लक असतानाच, विजेतेपद त्याचं झालं. तीन दिवसांनी तो एकवीस वर्षांचा झाला.

आणि या खेळाचा नियम असा की फॉर्म्युला टूचा विजेता पुन्हा फॉर्म्युला टूत उतरू शकत नाही. वर्गात पहिला आलास, हा घे दाखला. दाखला घेऊन वरच्या शाळेत जावं तर तिथे बाकं मोजकी. २०२६ साठी फॉर्म्युला वनमध्ये बावीस जागा होत्या, आधीच्या वर्षापेक्षा दोन जास्त, कारण कॅडिलॅकची नवी टीम आली. त्या टीमने घेतले पेरेझ आणि बोटास, दोघेही मुरलेले. नवखा म्हणून वर गेला तो एकटा आर्विड लिंडब्लाड, रेड बुलच्या तालमीतला, फॉर्म्युला टूच्या तक्त्यात फोर्नारोलीच्या मागे राहिलेला. फॉर्म्युला वनचा परवाना मिळायला चाळीस गुण लागतात आणि फॉर्म्युला टूच्या विजेत्याला एका फटक्यात तेवढे मिळतात. परवान्याचा हक्क हातात, गाडी नाही.

इथे अन्याय म्हणून ओरडायचा मोह मलाही होतो, पण नीट बघितलं तर तसं म्हणवत नाही. अँटोनेलीने पहिल्याच वर्षी दाखवून दिलं की ज्यांनी त्याला निवडलं ते चुकले नव्हते. मेलबर्नला सोळाव्या जागेवरून सुरुवात करून चौथा, कॅनडात तिसरा, ब्राझीलमध्ये दुसरा. मधल्या उन्हाळ्यात युरोपात गडबडलाही, घरच्या इमोलाला वर्गमित्रांना बोलावलं आणि गाडीच बंद पडली. त्याच दिवसांत शाळेची शेवटची परीक्षा देऊन पासही झाला. अशा मुलाला वशिल्याचा कोण म्हणेल?

मला खटकतं ते दुसरंच. शुक्रवारी भिंतीवर आदळलेल्या मुलावर शनिवारी विश्वास टाकला गेला, कारण तो विश्वास पाच वर्षांपूर्वीच टाकून झाला होता. शुक्रवारच्या आदळण्याने त्यात काही उणं होणार नव्हतं. आणि ज्याच्यावर कुणी आधी विश्वास टाकलाच नव्हता, त्याच्या रविवारच्या यशानेही कुणाच्या मनात फारसं काही हललं नाही. आपण मुलांना सांगतो की आधी सिद्ध कर, मग मिळेल. घडतं बहुधा उलटं. आधी कोणीतरी काही देतं, वेळ, पैसा, चुकायची मुभा, आणि मग सिद्ध होतं. ज्याला ते मिळालं त्याला ते मिळाल्याचं आठवतही नाही, इतकं ते सवयीचं होतं. मुंबईच्या जेहान दारुवालाला विचारावं. फॉर्म्युला टूत चार हंगाम काढले, भारतीय म्हणून तिथली पहिली शर्यत जिंकली, रेड बुलच्या तालमीतही राहिला, आणि तरी ते एक बाक मिळालं नाही. तेव्हा नुसता विश्वासही पुरत नाही, हेही खरंच.

फोर्नारोलीच्या आधी चार जणांनी असं केलं होतं: फॉर्म्युला थ्री किंवा तेव्हाची जीपी थ्री जिंकायची, लगेच पुढच्या वर्षी फॉर्म्युला टू जिंकायची. लेक्लेर, रसेल, पियास्त्री, बोर्तोलेतो. चौघेही आज फॉर्म्युला वनमध्ये आहेत. बोर्तोलेतो तर फोर्नारोलीच्या बरोबर एक वर्ष पुढे, फॉर्म्युला थ्रीत ट्रायडेंट आणि फॉर्म्युला टूत इन्व्हिक्टा, याच दोन टीमकडून. बोर्तोलेतोला लगेच जागा मिळाली. पियास्त्रीला २०२२ चं अख्खं वर्ष बाहेर बसून काढावं लागलं होतं.

पियास्त्री आज ज्या मॅकलॅरेनकडून धावतो, त्याच मॅकलॅरेनने डिसेंबर २०२५ मध्ये फोर्नारोलीला आपल्या तरुण चालकांत घेतलं. पहिल्यांदाच कुणीतरी दार उघडलं, सगळं जिंकून झाल्यावर. तिथलं काम बहुतांशी सिम्युलेटरवरचं. बंद खोलीत, पडद्यासमोर, खऱ्या चालकाला रविवारी उपयोगी पडेल अशी गाडीची घडी बसवत तासन् तास फेऱ्या मारायच्या. चुकलं तर सांगायचं, बरोबर आलं तरी सांगायचं. इतकी वर्षं एकेक गुण वेचत वर आलेल्या या पोराला आता असं काम मिळालंय, ज्याला गुण नाहीत. मला वाटतं, तो तेही चोख करत असेल.