बेटाची भरपाई

ग्रेट निकोबारच्या बंदर-विमानतळ प्रकल्पावर वाद सुरू झाला की समर्थक आणि विरोधक, दोघेही एकाच आकड्यावर येऊन अडतात: झाडे किती तुटणार? सरकारी अंदाज आधी साडेआठ लाखांचा होता, पुढे तो साडेनऊ लाखांच्या वर गेला. सुमारे ९१० चौरस किलोमीटरच्या या बेटावरची १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन प्रकल्पाला मिळणार आहे. तिच्या भरपाईसाठी नावे आली ती हरियाणा आणि मध्य प्रदेशची. भोपाळमध्ये बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याने खरे तर इथेच चमकायला हवे. पण झाडांची मोजदाद काही थांबत नाही.

सामरिक गरजेचा प्रश्न झाडे मोजून सुटत नाही, तो बाजूला ठेवावा. ‘माणसाचा पाय न लागलेला स्वर्ग’ ही भाषाही सोडून द्यावी. तिथे शोंपेन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि केवड्याच्या कुळातल्या एका झाडाचे फळ त्यांचे मुख्य अन्न आहे.

उरतो भरपाईवाद्यांचा युक्तिवाद. अंदमान-निकोबारचा ७५ टक्क्यांहून अधिक भाग वनाखाली असल्यामुळे तिथे नवे जंगल लावायला जागा नाही. मग दुसऱ्या राज्यात लावा, वर जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरा, की हिशोब चुकता. ऐकायला हे अगदी वाजवी वाटते. कागदही सगळे जागच्या जागी असतात.

पण हे मूल्य ठरते कसे? २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या दरांत सदाहरित, निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी ही तिन्ही जंगले पहिल्याच वर्गात होती. अतिघनदाट असेल तर हेक्टरी १०.४३ लाख रुपये. म्हणजे निकोबारचे सदाहरित रान आणि मध्य प्रदेशातले आर्द्र पानझडी रान एकाच भावाने. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१४मध्ये दरांची फेरमांडणी सुचवली, तीत वनप्रकारांची विभागणी अधिक बारीक होती. काम मेहनतीचे होते, यात वाद नाही. तरीही प्रकार आणि घनता हेच मोजमापाचे मुख्य आधार राहिले. हे जंगल इतर जंगलांपासून किती काळ तुटलेले आहे, यासाठी रकाना नाही.

भरपाईवादी म्हणतील, दर वाढवू. वाढवा. ते म्हणतील, कर्ब कुठल्याही मातीत साठला तरी वातावरणाला सारखाच. तेही खरे, आणि हरियाणातल्या अरवलीला झाडे हवीत हेही खरे. पण अरवलीला झाडे हवी असतील तर ती तशीच लावावीत; त्यासाठी निकोबारचे जंगल तुटायची वाट कशाला पाहायची?

नुकसान दोन जातींचे असते. एक क्षेत्रफळाचे, दुसरे विलगतेचे. पहिले काही प्रमाणात दुसरीकडे भरून निघते. दुसरे निघत नाही, कारण तुटलेपणा हीच त्या वनस्पतींची घडण असते. सेंट हेलेना बेटावरच्या ‘ऑलिव्ह’ म्हटल्या जाणाऱ्या झाडाचे शेवटचे रानटी खोड १९९४मध्ये मेले आणि जपून वाढवलेले शेवटचे रोप २००३मध्ये. जगात दुसरीकडे ते नव्हतेच. चितळाचे उदाहरण तर मध्य प्रदेशाच्या घरचे आहे. कान्हाच्या कुरणात चितळ शोभते, कारण त्याच्या मागावर वाघ असतो. ब्रिटिशांनी हेच जनावर अंदमानात नेले. तिथे ना वाघ, ना बिबट्या, आणि हरणाच्या तोंडाची सवय नसलेली कोवळी रोपे. जंगल उभे दिसते, खाली मात्र नवी पिढी धरत नाही.

विलगतेला समुद्रच लागतो असेही नाही. नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून पचमढीला जाणारे हजारो लोक अशाच एका बेटावर चढतात. तिथला साल पूर्वेकडच्या मुख्य सालपट्ट्यापासून तुटलेला आहे, आणि दऱ्यांच्या तळाशी वृक्षनेचे उभे आहेत. नेच्याचे बीजाणू धुळीसारखे असतात, वाऱ्यावर कुठेही जातात. अडचण पुढे आहे. बीजाणू रुजला की आधी नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरची नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत गेली तरच नवा नेचा जन्मतो. दरीतली ओल आणि सावली गेली की हा प्रवास तिथेच संपतो. भोवतालचा कोरडा सातपुडा म्हणजे त्या पापुद्र्याचा समुद्र. ग्रेट निकोबारच्या रानातही वृक्षनेचा आहे, तो मात्र निकोबारचाच. दोन्हींना ‘नेचे’ म्हणून एका ओळीत नोंदवता येईल. एकाच्या बदल्यात दुसरा देता येणार नाही.

यावर कोणी विचारील, अशी बेटे शोधत गेलो तर प्रत्येक दरी बेट ठरेल. ठरणार नाही. जिथली वनस्पती दुसरीकडे नाही, किंवा असली तरी तिथून पुन्हा येऊ शकत नाही, तेवढीच जागा बेट. हे वनस्पतिशास्त्रज्ञ तपासून सांगू शकतात, आणि ती यादी लांबलचक होणार नाही.

तेव्हा दर वाढवण्याची मागणी अपुरी आहे. वनमंजुरीच्या नियमांत विलगतेचा वेगळा वर्ग हवा आणि त्या वर्गात भरपाईचा प्रस्ताव स्वीकारण्याचीच मुभा नसावी. असे जंगल तोडायचेच असेल तर सरकारने ‘हे परत मिळणार नाही’ असे मंजुरीच्या आदेशात लिहून तोडावे. हरियाणातल्या किंवा मध्य प्रदेशातल्या रोपांची संख्या त्याखाली जोडू नये.