संताला पूर्वायुष्य असावे का?

आनंद यादव यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी 2008 मध्ये आली आणि वारकऱ्यांच्या विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. माफी मागूनही विरोध शमला नाही. यादवांनी 2009च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडले, संमेलन अध्यक्षाविनाच झाले, आणि 2014 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाचा निकालही त्यांच्या विरोधात गेला. लेखनस्वातंत्र्य आणि दुखावलेल्या भावना यांवर तेव्हा बरेच बोलले गेले. त्याखाली दबलेला धार्मिक प्रश्न मात्र तसाच राहिला. तरुणपणी तुकोबांचे पाऊल घसरले असेल, अशी या कादंबरीसारखी नुसती कल्पना केल्याने त्यांच्या संतपणाला बाध येतो का?

वारकरी विचारापुरते बोलायचे तर येत नाही. संत जन्मापासून निर्मळच असला पाहिजे, अशी अट या पंथाने कधी घातली नाही. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा इथे संत आहे. तिचे कूळ कुणी झाकत नाही, उलट पंढरपूरच्या देवळात तिचे तरटीचे झाड दाखवतात. तुकोबांची गाथा तर दिवाळे, दुष्काळ, अन्नावाचून मेलेली बायको हे सारे उघड सांगते आणि स्वतःला पतित म्हणवते. विठ्ठलाची थोरवी पतिताला पावन करण्यात आहे. पतितच कुणी नव्हता म्हटले, तर तिला काम काय उरले? चरित्रात कल्पनाच नको म्हणावे, तर संतचरित्रकार महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762चा, तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी रचलेला. त्यातले संवाद कुणी जवळ बसून टिपून घेतलेले नव्हते.

यावरचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. संताने स्वतःला पापी म्हणणे ही भक्तीची रीत असते, तो कबुलीजबाब नव्हे. त्यावरून स्वैर तारुण्य रचणे म्हणजे नम्रतेचाच पुरावा करणे. शिवाय महिपती कल्पना करतात ती भक्ताच्या जागेवरून, कादंबरीकार तिथे उभा नसतो. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पण तो सिद्ध होतो गाथेच्या वाचनाने, आणि चुकीचे वाचन हा टीकेचा विषय आहे. दुसरा भाग टिकत नाही. भक्ताची जागा जन्माने किंवा माळेने मिळते असे म्हटले, तर तुकोबांना गाथा लिहिण्याचा अधिकार नाकारणाऱ्यांचेच म्हणणे आपण उचलले. (तुकोबांच्या इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांचा दाखला इथे हटकून दिला जातो. मी तो यादवांसाठी देणार नाही. ती बरोबरी कादंबरीला पेलणारी नाही.)

भावना दुखावल्या हे खोटे नव्हते. दुखावलेल्याला निषेधाचा, पुस्तक न वाचण्याचा, कीर्तनात त्याचे वाभाडे काढण्याचा हक्क आहेच. पण वाचकांसमोरून पुस्तक काढून घेण्याचा हक्क त्यातून निघत नाही. तुकोबांच्याच घराण्यातले सदानंद मोरे यांनी ‘तुकाराम दर्शन’ लिहून दाखवले आहे की वारशाची जपणूक आणि पुराव्याची छाननी एकाच लेखणीला जमते. यादवांच्या कादंबरीला उत्तर त्या तोडीचे हवे होते, आणि ते देण्याची विद्वत्ता संप्रदायाकडे होती. पुस्तकच मागे घ्यायला लावल्यामुळे ते चित्रण खोटे ठरले नाही, फक्त तपासायचे राहून गेले.